ऑर्थोपेडिक मेडिसिनचं अर्धवेळ पदव्युत्तर शिक्षण: पंधरा वर्षांच्या कामानंतर पुन्हा तपासायला शिकताना

टेकडीपलीकडे (धागाकर्ती)

नमस्कार. हा धागा बऱ्याच दिवसांपासून मनात होता. मी फिजिओथेरपिस्ट आहे. शिक्षण महाराष्ट्रात झालं, पहिली चार वर्षं मिरजेत काम केलं आणि गेली अकरा वर्षं इंग्लंडमध्ये, वेस्ट यॉर्कशायरला, एनएचएसच्या (इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या) क्लिनिकमध्ये सांधे-स्नायूंचे रुग्ण तपासते. दोन वर्षांपूर्वी, चाळिशी जवळ आलेली असताना, ऑर्थोपेडिक मेडिसिनच्या अर्धवेळ एमएस्सीला नाव घातलं. सर्टिफिकेट आणि डिप्लोमा हे टप्पे झाले, आता प्रबंध उरला आहे. प्रवेश घेण्याआधी हे सगळं मराठीत सांगणारं कुणीतरी मला हवं होतं. कुणी भेटलं नाही, म्हणून लिहिते आहे.

आधी नावाबद्दल, कारण घरच्यांनाही ते दहा वेळा सांगावं लागलं. ऑर्थोपेडिक म्हटलं की आपल्याकडे प्लास्टर, रॉड, गुडघा बदलणं डोळ्यांसमोर येतं. हे ते नाही. हाड मोडलेलं नाही, ऑपरेशनची गरज नाही, पण खांदा वर जात नाही, कंबर धरली आहे, सकाळी टाच टेकवत नाही, अशा दुखण्यांचं निदान आणि शस्त्रक्रियेविना उपचार हा या शाखेचा प्रांत. लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमधले डॉ. जेम्स सिरियाक्स (१९०४–१९८५) हे तिचे जनक मानले जातात. त्यांच्या घराण्यातच हातांनी उपचार करण्याची परंपरा होती. आजोबा हेन्रिक केलग्रेन हे स्वीडिश पद्धतीच्या व्यायाम-मर्दनाचे नावाजलेले उपचारक. सिरियाक्सना प्रश्न पडला तो असा: क्ष-किरणात हाड दिसतं, पण बहुतेक दुखणी असतात स्नायूत, कंडरेत (स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरीत), सांध्याच्या वेष्टणात. ती फिल्मवर उमटत नाहीत. मग ती ओळखायची कशी?

त्यांची पद्धत अशी. आधी रुग्णाने स्वतः हात हलवायचा. मग त्याने हात सैल सोडायचा आणि आपण हलवायचा. मग त्याने जोर लावायचा आणि आपण हात जागचा हलू द्यायचा नाही. या तिसऱ्या चाचणीत सांधा हललेलाच नसतो, म्हणून तेव्हा दुखलं तर संशय स्नायू-कंडरेवर. दुसऱ्या चाचणीत अडलं किंवा दुखलं तर वेष्टणावर नाहीतर अस्थिबंधावर (लिगामेंटवर). अडण्यालाही क्रम असतो. आखडलेल्या खांद्यात (फ्रोझन शोल्डर) हात बाहेरच्या बाजूला वळवणं सर्वांत जास्त अडतं, त्याहून कमी बाजूने वर नेणं, आणि सर्वांत कमी आत वळवणं.

हे मी पदवीला असताना पाठ केलं होतं, पेपरातही लिहिलं होतं. पण पंधरा वर्षांत हात सरावतो, आणि सरावलेला हात पायऱ्या गाळतो.

पहिल्या मॉड्यूलचं पहिलंच लेखन होतं: तुमच्या हातून निसटलेलं एक निदान निवडा आणि ते कुठे निसटलं ते लिहा. मला शोधावं लागलं नाही. काही वर्षांपूर्वी एक बाई यायच्या, बत्तीस-तेहतीस वर्षांच्या, मूळच्या पंजाबच्या, दिवसभर घरात शिवणकाम करणाऱ्या. कंबर दुखते, मांड्या दुखतात, बरगड्याही दुखतात. मी कंबर तपासली, व्यायाम दिले, बदलले, पुन्हा बदलले. चार महिने गेले. दर वेळी त्या खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठायच्या. मी ते पाहत होते. जुन्या नोंदी काढल्या तेव्हा माझ्याच शब्दांत सापडलं, 'उठताना सावकाश'. पुढे त्यांच्या जीपीने (फॅमिली डॉक्टरने) वेगळ्याच कारणासाठी रक्त तपासलं. ड जीवनसत्त्व नावापुरतं, अल्कलाइन फॉस्फटेज हे हाडांच्या दुखण्यात चढणारं द्रव्य वाढलेलं. ऑस्टिओमलेशिया, म्हणजे हाडं मऊ पडणं. सावळी त्वचा, अंगभर कपडे, घरात बसून काम आणि इथलं अपुरं ऊन, आपल्या उपखंडातल्या बायकांना इथे हा धोका खराच असतो. मांड्यांच्या वरच्या स्नायूंची ताकद एकदा नीट पाहिली असती, नडगीवर एकदा अंगठा दाबला असता, तर त्यांचे चार महिने वाचले असते.

तो निबंध लिहिताना मला रात्रभर झोप लागली नाही. पण पंधरा वर्षांनंतर असं शिक्षण का घ्यावं, याचं उत्तरही त्याच रात्री मिळालं. पदवीला रुग्ण पुस्तकात असतो. इथे शनिवारी शिकलेलं सोमवारी सकाळी साडेआठला खऱ्या माणसावर करून पाहायचं असतं, आणि जुन्या रुग्णांचे चेहरे त्या शिकण्यात मध्ये येतात. नुकतंच पास झालेल्याला हे मिळणार नाही.

वेळेचा हिशेब सांगते. इथल्या एमएस्सीला १८० क्रेडिट: ६० ला सर्टिफिकेट, १२० ला डिप्लोमा, आणि प्रबंधासह १८० ला पदवी. एक क्रेडिट म्हणजे ढोबळ दहा तासांचं काम, म्हणजे वीस क्रेडिटच्या एका मॉड्यूलला दोनशे तास. प्रत्यक्ष वर्ग त्यातले थोडे, शनिवार-रविवार धरून होतात. बाकीचे तास घरात, मुलं झोपल्यावर. बहुतेक जण तीन वर्षं घेतात, आणि मधल्या टप्प्यावर थांबलं तरी हातात काहीतरी राहतं. ही सोय फार मोलाची आहे.

विचारा, जमेल तसं सांगते.

ठाणे_लोकल

मी डॉक्टर नाही, रुग्ण आहे. ताई, तुमचा लेख वाचून एक विचारावंसं वाटलं. मागच्या वर्षी कंबर धरली तेव्हा सरळ एमआरआय करायला सांगितलं. रिपोर्टमध्ये तीन ठिकाणी गादी सरकलेली, 'झीज' वगैरे शब्द. तेव्हापासून मी वाकायला घाबरतो. मुलीला उचलत नाही. तपासणी म्हणाल तर कुणी हात लावल्याचं आठवत नाही.

टेकडीपलीकडे

दादा, तुमचं निदान इथे बसून करणार नाही, ते योग्य नाही. पण रिपोर्टमधल्या शब्दांबद्दल एक गोष्ट नक्की सांगते, कारण ती आम्हाला दुसऱ्या मॉड्यूलमध्ये अगदी घोटवून घेतली. २०१५ साली ज्यांना कंबरदुखी अजिबात नाही अशा ३,११० माणसांच्या स्कॅनचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. विशीतल्या ३७ टक्के लोकांत गादीची झीज दिसली, ऐंशीच्या लोकांत ९६ टक्के. गादी फुगलेली दिसणं विशीत ३० टक्के, ऐंशीत ८४ टक्के. आणि यातल्या कुणाचंही दुखत नव्हतं. केस पिकतात तशी गादीही पिकते.

याचा अर्थ एमआरआय निरुपयोगी असा नाही. लघवी अडली, बसायच्या जागी बधिरपणा आला, पायातली ताकद झपाट्याने गेली, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. ताप, रात्रीचा घाम, वजन उतरणं असेल तर मणक्याचा क्षय मनात आणायचाच, आपल्याकडे तर नक्कीच. पण यातलं काही नसेल, तर स्कॅनमधल्या शब्दाला घाबरून मुलीला उचलायचं सोडणं हे दुखण्यापेक्षा मोठं नुकसान आहे. जवळच्या चांगल्या फिजिओकडे जा आणि म्हणा, मला पुन्हा वाकायला शिकवा.

करवीर_ऑर्थो

मी कोल्हापूरचा ऑर्थोपेडिक सर्जन, बावीस वर्षं प्रॅक्टिस. लेख मनापासून लिहिला आहे, आवडला. पण दोन गोष्टी बोलल्याशिवाय राहवत नाही.

पहिली, नाव. आपल्याकडे दोन दिवसांची कार्यशाळा करून पाटीवर 'ऑर्थो' लिहिणारे मी पाहिले आहेत, आणि त्यांच्याकडे सहा आठवडे मालिश करून घेतलेलं खुब्याचं फ्रॅक्चरही माझ्या टेबलावर आलं आहे. ऑर्थोपेडिक्सची एमएस किंवा डीएनबी ही पदवी तीन वर्षं, डी.ऑर्थो ही पदविका दोन वर्षं, तेही निवासी डॉक्टर म्हणून चोवीस तास राबून. आपल्याकडे त्याला अर्धवेळ वाट नाही आणि माझ्या मते असूही नये. रात्री तीनला येणारं उघडं फ्रॅक्चर शनिवार-रविवारच्या वर्गात शिकता येत नाही. परदेशातली एमएस्सी केली म्हणून इथे कुणी ऑर्थोपेडिक तज्ज्ञ होत नाही, हे वाचणाऱ्यांनी नीट ध्यानात घ्यावं.

दुसरी, सिरियाक्स. तपासणीची शिस्त त्यांनी दिली, मान्य. पण कंबरदुखीचं जवळजवळ सगळं खापर त्यांनी गादीवर फोडलं. कंडरेवर बोटाने आडवं घर्षण द्यायचं, त्यामागची कारणमीमांसाही आज टिकत नाही. तुमच्या अभ्यासक्रमात हे जसंच्या तसं शिकवतात का?

टेकडीपलीकडे

सर, पहिल्या मुद्द्यावर शंभर टक्के सहमत. माझ्या दारावर 'फिजिओथेरपिस्ट' हेच आहे आणि तेच राहील. इथे या शिक्षणाला बसणारे बहुतेक फिजिओ आणि काही जीपी असतात, आणि सर्जनकडे कुणाला, किती लवकर पाठवायचं हा शिकण्याचा निम्मा भाग असतो.

दुसऱ्याबद्दल. नाही, जसंच्या तसं नाही शिकवत, आणि हीच मला सर्वांत आवडलेली गोष्ट. टेनिस एल्बोचं, म्हणजे कोपराच्या बाहेरच्या बाजूच्या दुखण्याचं घ्या. मी स्वतः कित्येकांना स्टिरॉइडच्या सुईसाठी पाठवलं, कारण दोन आठवड्यांत माणूस हसत यायचा. वर्गात आमच्यापुढे ऑस्ट्रेलियातला २००६ चा अभ्यास ठेवला, १९८ रुग्णांचा. सहा आठवड्यांनी सुई घेतलेले सर्वांत पुढे. वर्षाअखेरीस तेच मागे, व्यायामवाल्यांच्याच नव्हे, तर काहीच न करता नुसती वाट पाहिलेल्यांच्याही मागे. मी माझ्या क्लिनिकमधून नजरेआड झालेल्या रुग्णांचा विचार करत बसले. दोन आठवड्यांनी हसणारे मी पाहिले होते. वर्षाने ते कुठे होते, मला माहीत नव्हतं.

घर्षणाचंही तसंच. टाचेमागच्या कंडरेवर आम्ही आज भर देतो तो भाराच्या व्यायामावर. १९९८ मध्ये स्वीडनमधल्या आल्फ्रेडसन यांच्या गटाने १५ हौशी धावपटूंना बारा आठवडे, दिवसातून दोनदा, वजन घेऊन टाच पायरीखाली सावकाश उतरवायला लावली, गुडघा सरळ ठेवून आणि वाकवून, पंधराचे तीन-तीन फेरे. दिवसाला १८० वेळा. सगळे पुन्हा धावायला लागले. अभ्यास छोटा होता, पण त्याने कंडरेकडे पाहण्याची दिशा बदलली. सिरियाक्सची तपासणी ठेवायची आणि त्यांचे उपचार आजच्या पुराव्यावर घासून घ्यायचे, असं आमचं चालतं. तपासणीचाही कस लावतात. गुडघ्यात त्यांनी सांगितलेला अडण्याचा क्रम नेहमी सापडत नाही, हेही शिकवतात.

करवीर_ऑर्थो

हे ऐकून बरं वाटलं. मग माझ्या बाजूचंही प्रामाणिकपणे सांगतो. २०१३ मध्ये फिनलंडच्या सर्जननी झिजून फाटलेल्या गुडघ्याच्या गादीसाठी १४६ रुग्णांत खरी दुर्बीण-शस्त्रक्रिया आणि नुसता देखावा यांची तुलना केली. वर्षभराने फरक नाही. २०१८ मध्ये ब्रिटनमध्ये खांद्याच्या हाडाखालची जागा मोकळी करण्याच्या शस्त्रक्रियेचं तसंच, ३१३ रुग्ण, खरी आणि खोटी शस्त्रक्रिया सारखीच. ही दोन्ही ऑपरेशनं मी शेकड्याने केली आहेत, चांगल्या मनाने केली आहेत. आज झिजेच्या गुडघ्याला मी आधी तीन महिने व्यायामाला पाठवतो. अडचण अशी, की पाठवायचं कुणाकडे? शेक आणि मशीन लावून दहा दिवसांचं पॅकेज देणारे पुष्कळ. हात लावून तपासणारे आणि भार वाढवत नेणारे माझ्या जिल्ह्यात मी बोटांवर मोजतो. तुमच्यासारख्या चार जणी मला इथे हव्या आहेत.

आकडेमोड

माझी बायको लेस्टरला फिजिओ आहे, एनएचएसच्या पगारश्रेणीत बँड सहा. तिच्या मनात हाच अभ्यासक्रम आहे म्हणून विचारतो. पैसे कुणी भरले? आणि घर कसं चाललं, हे खरंखरं सांगाल का?

टेकडीपलीकडे

खरंखरंच सांगते. पहिल्या दोन मॉड्यूलची निम्मी फी माझ्या विभागाने भरली, बदल्यात ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचं लेखी दिलं. तो कागद तिला सही करण्याआधी दोनदा वाचायला सांगा, मध्येच सोडलं तर किती परत करायचे ते त्यात असतं. नंतर विभागाकडे पैसे उरले नाहीत, बाकीची फी आम्ही साठवलेल्यातून भरली. अभ्यासासाठीची रजा कागदावर होती, पण प्रत्यक्षात क्लिनिकची यादी भरलेली असली की ती मिळवताना मला दर वेळी भांडावं लागलं. रजेच्या तारखा वर्षाच्या सुरुवातीलाच लिहून घ्या. माझी ही चूक झाली.

घराचं म्हणाल तर नवऱ्याने गुरुवार संध्याकाळ आणि रविवार सकाळ पूर्ण अंगावर घेतली. सासूबाई सहा महिने येऊन राहिल्या, त्या सहा महिन्यांत मी दोन मॉड्यूल संपवली. धाकटा तेव्हा चार वर्षांचा. माझ्या शेजारी बसून तोही 'निबंध' लिहायचा. एका सत्रात वडील आजारी पडले, मी भारतात गेले आणि ते मॉड्यूल पुढे ढकललं. विद्यापीठाने विनातक्रार मुदत दिली. अर्धवेळ शिकणाऱ्यांच्या घरात असं काही ना काही घडणारच हे त्यांनी धरलेलं असतं.

पगार लगेच वाढला का? नाही. मी आधीच बँड सातवर होते. पण तिला बँड सहावरून सातसाठी मुलाखत द्यायची असेल, तर डिप्लोमाचा टप्पासुद्धा वजन देतो.

खारी_हवा

ताई, मी रत्नागिरीची, बीपीटी (फिजिओथेरपीची पदवी) होऊन दोन वर्षं झाली. मला हे इतकं आवडलं की थेट याच एमएस्सीला यावंसं वाटतंय. विद्यार्थी व्हिसावर अर्धवेळ करता येईल का? म्हणजे शिकता शिकता नोकरी.

टेकडीपलीकडे

थांब थोडी. व्यवहाराचं आधी: इथे अर्धवेळ शिक्षणासाठीच्या विद्यार्थी व्हिसावर नोकरी करता येत नाही. म्हणजे तुझ्या मनातला हिशेबच जुळत नाही. कुणी एजंट वेगळं सांगत असेल तर पैसे देऊ नकोस. फिजिओ म्हणून इथे काम करायचं तर एचसीपीसी या इथल्या नियामक संस्थेची नोंदणी लागते, आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत एकूण सात आणि कुठल्याही भागात साडेसहाच्या खाली नाही. ती वाट वेगळी आहे आणि आधी तीच चालावी लागते.

आणि मनातलं सांगू? अजून तुझ्याजवळ 'निसटलेली निदानं' साठलेली नाहीत. हे शिक्षण त्यांच्यावर उभं असतं. बऱ्याच ठिकाणी काही वर्षांचा अनुभव ही प्रवेशाची अटच असते. आता तुझ्या ओपीडीत येणाऱ्या प्रत्येक खांद्याचे तीन कोन मोजून वहीत लिही. सहा आठवड्यांनी त्यांना फोन कर आणि काय झालं ते त्याच पानावर लिही. तीन वर्षांत तुझ्याकडे अशी वही असेल की कुठलंही विद्यापीठ तुला आनंदाने आत घेईल.

मांडवी

मी गोव्यात फिजिओ, बारा वर्षं. तुमच्याकडे इंग्लंडमध्ये फिजिओ स्वतः सांध्यात इंजेक्शन देतात असं ऐकलं. खरं?

टेकडीपलीकडे

हो, १९९० च्या दशकाच्या मध्यापासून. वेगळं प्रशिक्षण, देखरेखीखाली ठरलेल्या संख्येने सुया, प्रत्येकीची नोंद, आणि औषधासाठी लेखी अधिकार. माझंही ते मॉड्यूल झालं आहे. पण भारतात हे काम डॉक्टरांचं आहे, त्यामुळे परत येऊन वापरता येईल या आशेने ते घेऊ नका. मला त्या मॉड्यूलमधून सर्वांत जास्त शिकायला मिळालं ते सुई कधी द्यायची नाही हे. फ्रोझन शोल्डरच्या पहिल्या, ठणकणाऱ्या टप्प्यात मधुमेह सांभाळून दिलेली एक सुई माणसाला रात्रीची झोप परत देते, हे मी पाहिलं आहे. २०२० मध्ये ब्रिटनमधल्या ५०३ रुग्णांच्या मोठ्या अभ्यासात सुईसह लवकर दिलेली फिजिओथेरपी, भूल देऊन खांदा मोकळा करणं आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया या तिघांत वर्षाअखेरीस कुणीच ठळकपणे सरस ठरलं नाही. रुग्णाशी बोलताना हा अभ्यास माझ्या फार उपयोगी पडतो.

ऑकलंडकर

डॉक्टरांसाठी म्हणून लिहितो. मी इथे न्यूझीलंडमध्ये जीपी. ओटागो विद्यापीठाचा मस्क्युलोस्केलेटल मेडिसिनचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे, क्राइस्टचर्चहून चालतो, काम करता करता दूरस्थ पद्धतीने करता येतो. मी त्यातले काही पेपर केले. इथली मेडिकल कौन्सिल ही शाखा स्वतंत्र मानते. त्यामागे एक कारण म्हणजे १९७४ पासूनची इथली अपघात-भरपाई योजना. पाठ धरली तरी लोक दावा करतात, मग नीट तपासून निदान लिहिणारे डॉक्टर लागतात.

आणि सिरियाक्सबरोबर आमच्या मॅकेन्झींचंही नाव घ्या. १९५६, वेलिंग्टन. फिजिओ रॉबिन मॅकेन्झींचा पायात कळ जाणारा रुग्ण चुकून डोक्याकडची बाजू उचललेल्या टेबलावर पालथा झोपला. पाच मिनिटांनी ते आत आले तर रुग्ण म्हणाला, कित्येक आठवड्यांत इतकं बरं वाटलं नव्हतं. दुसरा कुणी घाईने त्याला उठवून टेबल सरळ केलं असतं. मॅकेन्झींनी दुसऱ्या दिवशी त्याला पुन्हा तसंच झोपवलं.

गोदाकाठ

नाशिकहून. एमबीबीएस, एकोणीस वर्षं जनरल प्रॅक्टिस. रोज पन्नास-साठ रुग्ण, त्यातले दहा-बारा तरी गुडघा, कंबर, मान, खांदा. द्राक्षबागेतल्या बायका, छाटणीच्या दिवसांत मान आणि मनगटं घेऊन येतात. मी वेदनाशामक लिहितो, फार तर क्ष-किरण. वर्षानुवर्षं तेच. हा धागा तीनदा वाचला. एमएस आता शक्य नाही, वय बेचाळीस आणि दवाखाना बंद ठेवून घर चालणार नाही. परदेशी अभ्यासक्रमाची फी परवडत नाही. मला पदवी नको आहे. त्या बायांना हात लावून नीट तपासायला शिकायचं आहे. कुठून सुरू करू?

करवीर_ऑर्थो

डॉक्टर, तुमच्या प्रश्नाने मला आज दिवसभर सोडलं नाही. प्रत्येक फॅमिली डॉक्टरला हे यायला हवं, आणि आपल्या एमबीबीएसमध्ये सांध्याच्या तपासणीला मिळतात ते थोडे दिवस, तेही फ्रॅक्चरच्या गर्दीत. सुरुवातीला एक सांगतो. गुडघा दुखतो म्हणून आलेल्या प्रत्येक साठीच्या माणसाला उताणं झोपवा, खुबा-गुडघा काटकोनात वाकवा आणि पाय आत-बाहेर वळवून पाहा. खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवतं. गुडघ्याचे चार-चार क्ष-किरण घेऊन आलेले आणि खुबा संपलेला, असे रुग्ण मी दर वर्षी पाहतो.

बाकी, एकट्याने शिकू नका. तुमच्या गावातला एखादा ऑर्थो आणि एखादी चांगली फिजिओ शोधा. महिन्यातून एक सकाळ.

टेकडीपलीकडे

सरांनी सांगितलं ते सोन्यासारखं आहे. आमच्या वर्गातही सर्वांत जास्त शिकणं व्हायचं ते एकमेकांच्या अंगावर. सोळा जण, आठ टेबलं, दिवसभर एकमेकांचे खांदे. निरोगी खांदा बाहेर किती वळतो हे शंभर निरोगी खांदे वळवल्याशिवाय हाताला कळत नाही. आपल्या तळहातात शेवटी काय जाणवतं, हाड हाडाला भिडल्यासारखं कडक, चामडं ताणल्यासारखं, की दुखण्याने रुग्णच मध्ये थांबवतो, हे वाचून येत नाही.

एका दिवसात एकच सांधा घ्या. खांद्याने सुरू करा. कंबर शेवटी ठेवा.

गोदाकाठ

पाच आठवड्यांनी लिहितो आहे. सर, ताई, काल आम्ही बसलो. माझा वर्गमित्र ऑर्थोपेडिक आहे, तो आला. दोन फिजिओ, एक माझ्याच भागातल्या, एक सिन्नरहून. शेजारचे एक डॉक्टर आणि मी. सकाळी दहा ते साडेबारा, माझ्याच दवाखान्यात, रुग्ण तपासायच्या टेबलावर आळीपाळीने झोपून. फक्त खांदा.

सिन्नरच्या फिजिओताईंनी मला हात कुठे धरायचा ते दाखवलं. एकोणीस वर्षं मी मनगट धरून ओढत होतो. कोपर अंगाशी टेकवून हात बाहेर वळवायचा, इतकं साधं. मग माझ्या त्या शेजारच्या डॉक्टर मित्राचा डावा खांदा वळेना. उजवा साठ-सत्तर अंशांपर्यंत गेला, डावा जेमतेम वीस. त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, तीन महिने झोप नीट नव्हती. त्याला साखर आहे. सगळे गप्प झालो. मग वर्गमित्राने तिथेच त्याला बसवून सगळं समजावलं, आणि आज त्याची साखरही तपासली.

पुढची बैठक महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, पुन्हा दहाला. खुबा घ्यायचं ठरलं आहे. ताई, तुम्हाला व्हिडिओवर यायला जमेल? तुमच्याकडे फार पहाट होईल, याची कल्पना आहे.

टेकडीपलीकडे

डॉक्टर, हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. तुमच्या मित्राला सांगा, पहिला टप्पा वाईट असतो पण तो सरतो, आणि रात्री त्या हाताखाली उशी घेऊन झोपायला सांगा.

तुमचे दहा म्हणजे सध्या आमचे साडेपाच. येते. टेबल भिंतीपासून दोन हात ओढून ठेवा, खुब्यासाठी दोन्ही बाजूंनी उभं राहता आलं पाहिजे. आणि कॅमेरा रुग्णाच्या पायाकडे लावा, डोक्याकडे नको. मला गुडघे दिसले पाहिजेत.

करवीर_ऑर्थो

मीही येतो.